क्लॅमिडिया जंतूंचे रेणवीय निदान : पांढुर्णा व सौसर भागाच्या संदर्भात

काही रोग वेदना देऊन आपले अस्तित्व कळवितात. काही मात्र वर्षानुवर्षे शरीरात वास करूनही रोग्याला त्याची जाणीव होऊ देत नाहीत. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या सूक्ष्मजंतूमुळे जननमार्गास होणारा संसर्ग हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रीपुरुषांमध्ये या संसर्गाची जगभरात सुमारे १२ कोटी ९० लक्ष नवी प्रकरणे घडली. संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. काहींना अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा लघवीच्या वेळी जळजळ होणे एवढाच त्रास होतो आणि तो अंगावरच काढला जातो.

उपचार न झाल्यास हे जंतू गर्भाशयमुखापासून वर सरकून अंडवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. तेथे सूज येते, व्रण पडतात आणि कालांतराने वाहिनी बंद होते. वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेर गर्भ राहणे हे त्याचे परिणाम होत. मातेला संसर्ग असल्यास प्रसूतीच्या वेळी तो बालकाला होऊन त्याचे डोळे येतात, तर काही बालकांना पुढे एक ते तीन महिन्यांच्या वयात न्यूमोनिया होतो. मूल होत नाही म्हणून ज्या स्त्रीला घरात व गावात बोल लावला जातो, तिच्या दुःखाचे मूळ कित्येकदा वेळीच न ओळखलेल्या अशा एखाद्या संसर्गात असते. योग्य औषधाने बहुधा आठवडाभरात बरा होणारा हा रोग आहे. अडचण आहे ती तो ओळखण्याची.

ग्रामीण स्त्रियांचे मूक आजार

ग्रामीण भागातील स्त्रिया असे आजार किती मूकपणे सोसतात याचे प्रमाण विदर्भातच मिळाले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळून आले; पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ही पाहणी सर्वच स्त्रीरोगांविषयी होती. तथापि तक्रार नाही म्हणजे रोग नाही, असे गृहीत धरता येत नाही हे तिने स्पष्ट केले.

पांढुर्णा व सौसर या तहसिलींच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सातपुड्याच्या पठाराखाली, कापूस व संत्र्यांच्या या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलली जाते. १९५६ पूर्वी नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी असल्याने हा भाग राजधानीच्या जवळचा होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो राज्याच्या दक्षिण सीमेवर आला. २०२३ साली या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. कचेरीचा व्यवहार हिंदीत चालतो, माणसे मराठीत बोलतात आणि कठीण आजारात अनेक कुटुंबे सुमारे शंभर किलोमीटरच्या टप्प्यातील नागपूरची वाट धरतात. अशा ठिकाणी रोग्याने दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत जावे, की रोग्याचा नमुना तेथे जावा, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. क्लॅमिडियाच्या निदानात हा प्रश्न फार दिवस अवघड होता. रेणवीय पद्धतींनी तो पुष्कळसा सोपा केला आहे. मात्र त्यासाठी या पद्धती काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे नमुना घेणाऱ्यापासून अहवाल वाचणाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

जंतूचे स्वरूप

सर्वसाधारण सूक्ष्मजंतू प्रयोगशाळेत योग्य पोषणद्रव्यावर वाढविता येतात. क्लॅमिडिया तसे वाढत नाहीत. बांडगूळ ज्याप्रमाणे जमिनीत रुजत नाही, त्याला झाडाची फांदीच लागते, त्याप्रमाणे या जंतूंना वाढीसाठी जिवंत पेशी लागते. पेशीबाहेर ते सुमारे ०·३ मायक्रोमीटर व्यासाच्या, न वाढणाऱ्या परंतु संसर्गक्षम कणांच्या रूपात असतात. हा कण पेशीत शिरला की मोठा होतो, विभागू लागतो आणि पेशीत जंतूंचा एक पुंजका तयार होतो. साधारणपणे ४८ ते ७२ तासांत त्यांचे पुन्हा लहान कण बनतात व ते पेशीतून बाहेर पडून शेजारच्या पेशींना ग्रासतात.

असे पुंजके १९०७ साली हाल्बरश्टेटर व फॉन प्रोवाझेक या शास्त्रज्ञांना जावा बेटात खुपऱ्यांच्या विकाराच्या अभ्यासात प्रथम दिसले. पेशीतील कणांभोवती जणू एक आवरण असल्याचे पाहून त्यांनी ग्रीक भाषेतील 'झगा' या अर्थाच्या शब्दावरून त्यांना नाव दिले. पुढे अनेक वर्षे हे जंतू म्हणजे विषाणूच असावेत असा समज होता.

पूर्वीच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा

खुपऱ्यांचा जंतू कोंबडीच्या अंड्यातील पिवळ्या बलकाच्या पिशवीत वाढविण्यात आल्याचे वृत्त चीनमधील तांग फैफान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले. १९६५ पासून प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींवर तो वाढविण्याची पद्धत रूढ झाली. दीर्घकाळ हीच पद्धत प्रमाण मानली गेली. परंतु तिच्यासाठी नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जिवंत राहणे आवश्यक असते. त्याकरिता खास द्रवमाध्यम, अखंड शीतव्यवस्था व त्वरित वाहतूक लागते. उन्हाळ्यात सौसर किंवा पांढुर्ण्याहून निघालेला नमुना बसने अथवा रेल्वेने नेताना ही अट पाळणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय ही पद्धत खर्चिक व कौशल्याची असून निष्कर्ष मिळण्यास काही दिवस लागतात.

रंगद्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतील पुंजके पाहण्याची रीत नवजात बालकाच्या डोळ्यांच्या नमुन्यात उपयोगी पडते. जननमार्गाच्या नमुन्यात मात्र तिच्यावर विसंबता येत नाही. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणीही येथे फारशी कामाची नाही, कारण एकदा निर्माण झालेली प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात आणि संसर्ग आजचा की जुना, हे त्यांवरून सांगता येत नाही.

प्रयोगशाळेच्या अशा अभावी लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धती स्वीकारली गेली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या मार्गदर्शनानुसार मूत्रमार्गातून स्राव होणे किंवा गर्भाशयमुखाचा दाह असणे अशा रोग्यांसाठी ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम व सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम यांचे राखी रंगाचे औषधपाकीट ठरविण्यात आले. रोगी परत येईलच अशी खात्री नसलेल्या ठिकाणी या पद्धतीने मोठी सोय झाली. तिच्या दोन उणिवा मात्र उघड आहेत. लक्षण नसलेली संसर्गित स्त्री तिच्यातून सुटते. आणि जिचा स्राव अन्य कारणाने आहे, तिला व तिच्या पतीला नसलेल्या लैंगिक रोगाचे औषध व त्यासोबत संशयही पदरी घ्यावा लागतो.

रेणवीय पद्धतींचे तत्त्व

प्रत्येक सजीवाच्या न्यूक्लिइक अम्लात त्याची स्वतंत्र ओळख लिहिलेली असते. जंतू जिवंत असो वा मृत, त्याच्या डीएनएचा वा आरएनएचा ठराविक तुकडा नमुन्यात सापडला, तर तो जंतू तेथे होता हे निश्चित होते. तुकडा एकच असेल तर तो दिसणार नाही. म्हणून प्रथम त्याच्या असंख्य प्रती कराव्या लागतात.

प्रती करण्याची सर्वांत परिचित रीत म्हणजे पॉलिमरेज शृंखला विक्रिया, अर्थात पीसीआर. तिची कल्पना अमेरिकेतील कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचली व त्यासाठी १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. या विक्रियेच्या प्रत्येक फेरीत तीन पायऱ्या असतात. सुमारे ९५ अंश सेल्सियस तापमानाला डीएनएचे दोन पदर सुटे होतात. तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत उतरविले की प्रयोगशाळेत बनविलेले दोन लहान तुकडे, ज्यांना प्रारंभक म्हणता येईल, हव्या त्या भागाच्या दोन टोकांना जाऊन चिकटतात. त्यानंतर उष्णतेला न जुमानणारे एक एन्झाइम त्या प्रारंभकांपासून पुढचा पदर विणते. प्रत्येक फेरीत प्रतींची संख्या दुप्पट होते. एका तुकड्यापासून आरंभ केल्यास ३० फेऱ्यांनंतर, सर्व काही यथास्थित घडल्यास, १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होतात. आधुनिक यंत्रांत या प्रती तयार होत असतानाच एका प्रकाशमान द्रव्याच्या साहाय्याने मोजल्या जातात.

अन्य काही पद्धतींत तापमान वरखाली न करता एकाच तापमानाला प्रती केल्या जातात. काहींत डीएनएऐवजी जंतूच्या रायबोसोममधील आरएनए शोधला जातो. एका जंतूत त्याच्या प्रती पुष्कळ असल्याने तो सापडणे अधिक सुकर होते. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसच्या मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त त्यात सुमारे ७,५०० घटकांचे एक लहान वर्तुळाकार डीएनए असते. त्याच्याही एका जंतूत अनेक प्रती असल्याने पुष्कळशा चाचण्या त्यालाच लक्ष्य करतात. परमा या रोगाच्या जंतूची तपासणी बहुधा त्याच नमुन्यावर एकाच वेळी करता येते. दोन्ही संसर्ग पुष्कळदा एकत्र आढळत असल्याने ही सोय महत्त्वाची आहे.

नमुना घेताना

यंत्र कितीही उत्तम असले तरी नमुन्यात नसलेली गोष्ट ते दाखवू शकत नाही. जंतू पेशीत राहतात. यास्तव नमुन्यात केवळ स्राव येऊन भागत नाही, पेशीही याव्या लागतात. या संदर्भात पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पुरुषांच्या बाबतीत लघवीचा नमुना सोयीचा असतो. रोग्याने त्यापूर्वी किमान एक तास लघवी केलेली नसावी आणि पहिल्या धारेची २० ते ३० मिलिलिटर लघवीच घ्यावी. लघवीच्या नेहमीच्या जंतुतपासणीसाठी मधली धार घेण्याची सवय कर्मचाऱ्यांना असते. तीच सवय येथे ठेवल्यास जंतू पहिल्या धारेबरोबर वाहून जातात व चाचणी चुकते.

स्त्रियांच्या बाबतीत योनिमार्गातील बोळ्याचा नमुना लघवीपेक्षा अधिक खात्रीचा आहे. हा नमुना स्त्रीने आडोशाला जाऊन स्वतः घेतला तरी चालतो, असे अनुभवास आले आहे. तपासणीच्या संकोचाने जी स्त्री दवाखान्यात पाय ठेवीत नाही, तिच्या दृष्टीने ही मोठी सुविधा होय. मात्र नमुना कसा घ्यावा हे परिचारिकेने किंवा आशा कार्यकर्तीने तिला तिच्या भाषेत सांगावयास हवे. छापील सूचना हिंदीत असली तरी 'अंगावरून जाणे', 'पाळी', 'ओटीपोट' हे घरगुती शब्द वापरून विचारलेल्या प्रश्नालाच येथील स्त्रीकडून मोकळे उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

बोळा तपासणी संचासोबत आलेलाच वापरावा. लाकडी काडीचा व साध्या कापसाचा बोळा विक्रियेत अडथळा आणू शकतो. नळीवर नाव, दिनांक व नमुन्याचा प्रकार त्याच जागी लिहावा. येथे जंतू जिवंत ठेवण्याची गरज नसल्याने वाहतूक सोपी झाली आहे, तरी ती बेफिकिरीने करून चालणार नाही. लघवीचा नमुना संचातील द्रवात किती तासांच्या आत मिसळावा आणि कोणत्या तापमानात ठेवावा, याची संचागणिक वेगळी मर्यादा असते व ती पाळावीच लागते.

प्रयोगशाळेतील दक्षता

एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती करणारी पद्धत तितकीच नाजूकही असते. आदल्या दिवशीच्या विक्रियेतील प्रतींचा अंश हातमोज्यावरून नव्या नळीत गेला, तर निरोगी माणसाचा अहवाल रोगी म्हणून निघेल. म्हणून विक्रियेची द्रव्ये तयार करणे, नमुन्यातून डीएनए काढणे व प्रती करणे ही कामे वेगवेगळ्या खोल्यांत आणि एकाच दिशेने व्हावीत असा दंडक आहे. प्रत्येक वेळी जंतू नसलेला व जंतू असलेला असे दोन ज्ञात नमुने बरोबर चालवावे लागतात. याशिवाय प्रत्येक नळीत एक परका तुकडा साक्षीदार म्हणून घातलेला असतो. त्याच्याही प्रती झाल्या नाहीत तर विक्रियाच बंद पडली असे समजावे आणि 'जंतू नाही' असा अहवाल देऊ नये.

बंद डबीत सर्व क्रिया आपोआप करणाऱ्या यंत्रांनी ही दक्षता पुष्कळ सोपी केली आहे. अशा यंत्रांचा परिचय आपल्याकडे मुख्यतः क्षयरोगाच्या तपासणीतून झाला. गोव्यात विकसित झालेले, विद्युत्घटावर चालू शकणारे ट्रूनॅट हे लहान यंत्र त्यांपैकीच एक असून क्षयनिदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची २०२० साली शिफारस केली. मोठ्या शहरातील प्रयोगशाळेबाहेरही रेणवीय निदान होऊ शकते, हे यावरून दिसते.

जंतूही बदलत असतात याचा विसर पडता कामा नये. स्वीडनमध्ये २००६ साली असे आढळले की, एका प्रकारच्या क्लॅमिडियाच्या लहान वर्तुळाकार डीएनएमधून ३७७ घटकांचा भाग गळून पडला होता. प्रचलित चाचण्यांपैकी काहींचे लक्ष्य नेमके त्याच भागात असल्याने त्या चाचण्यांत हे रोगी निरोगी ठरत होते. २०१९ साली फिनलंडमध्ये आरएनए शोधणाऱ्या एका चाचणीच्या बाबतीतही, एका घटकाच्या बदलामुळे, असेच घडले. तेव्हापासून एकाऐवजी दोन लक्ष्ये शोधणाऱ्या चाचण्यांना अधिक पसंती दिली जाते.

प्रकारांची ओळख

जंतू आहे एवढे कळणे काही वेळा पुरेसे नसते; तो कोणता, हेही कळावे लागते. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसच्या बाह्य आवरणातील प्रमुख प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचून त्याचे प्रकार ठरवितात. ए, बी, बीए व सी हे प्रकार खुपऱ्यांशी संबंधित आहेत. डी ते के हे जननमार्गाच्या नेहमीच्या संसर्गाशी. तर एल-१ ते एल-३ हे जांघेतील गाठी सुजविणाऱ्या तीव्र रोगाशी संबंधित आहेत. शेवटच्या प्रकारात औषध अधिक दिवस द्यावे लागते.

खुपऱ्यांनी एके काळी देशात असंख्य लोकांची दृष्टी हिरावली. १९६३ साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९७६ साली तो अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट करण्यात आला. २०१४ ते २०१७ या काळातील पाहणीत सक्रिय खुपऱ्यांचे प्रमाण ०·७ टक्के आढळले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. रोग इतका विरळ झाल्यावर केवळ पापणी उलटून पाहण्यावर विसंबणे कठीण होते, कारण पापणीखालचे कण संसर्ग गेल्यानंतरही काही काळ राहतात व अन्य कारणांनीही दिसतात. संशयास्पद बालकाच्या डोळ्यातील नमुन्याची पीसीआर तपासणी हा अशा वेळी निर्णायक पुरावा ठरू शकतो.

या जंतूंचे काही भाऊबंद पशुपक्ष्यांत राहतात. क्लॅमिडिया सिटासी पोपट, कबुतरे व बदके यांच्यापासून माणसाला होऊन न्यूमोनिया निर्माण करतो. क्लॅमिडिया ॲबॉर्टस या जंतूमुळे शेळ्यामेंढ्या गाभणकाळाच्या अखेरच्या आठवड्यांत गाभडतात. शेळीपालन करणाऱ्या कुटुंबांनी हे अवश्य जाणावे. शेळ्या गाभडण्यास ब्रुसेला जंतूही कारणीभूत असतात. कारण कोणते, हे बाहेरून सांगता येत नाही. जारेच्या नमुन्याच्या रेणवीय तपासणीत प्रथम क्लॅमिडियाचे कुल व नंतर त्यातील जाती ओळखता येते. जार उघड्या हाताने हाताळू नये; गरोदर स्त्रीने तर गाभडलेल्या शेळीजवळही जाऊ नये, कारण हा संसर्ग तिच्या गर्भास व जीवास घातक ठरू शकतो.

निष्कर्षाचा अर्थ

रेणवीय चाचणीचे जे बळ, तीच तिची मर्यादाही आहे. मृत जंतूंचे अंशही ती दाखविते. त्यामुळे उपचार पूर्ण झाल्यावर तीन ते चार आठवड्यांच्या आत पुन्हा चाचणी केल्यास बरा झालेला रोगीही आजारी ठरू शकतो. गर्भवतीच्या बाबतीत सुमारे चार आठवड्यांनी खातरजमा करावी. इतरांची फेरतपासणी तीन महिन्यांच्या सुमारास करावी, कारण जोडीदाराकडून पुन्हा संसर्ग होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

संसर्ग निश्चित झाल्यास सामान्यतः डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे ७ दिवस दिले जाते. गर्भवतीस ते न देता ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच देतात. औषध वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. जोडीदाराचा उपचार त्याच वेळी झाला पाहिजे व सात दिवस शरीरसंबंध टाळला पाहिजे. चाचणीतून संसर्ग केव्हा व कोणाकडून झाला हे कळत नाही. लक्षणांविना तो दीर्घकाळ राहू शकतो. तेव्हा अहवालाच्या आधारे पतीने पत्नीवर किंवा पत्नीने पतीवर दोषारोप करणे निराधार ठरते. ही गोष्ट अहवाल देतानाच दोघांना समजावून सांगणे, हे आरोग्य कर्मचाऱ्याचे कर्तव्य होय. अहवालाची गुप्तता राखणे हेही तितकेच महत्त्वाचे. लहान गावात एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी जाण्यास वेळ लागत नाही, आणि एकदा विश्वास उडाला की पुढची स्त्री तपासणीस येत नाही.

पांढुर्णा व सौसर येथून जाणारा नमुना नागपूरला जावो, छिंदवाड्याला जावो वा जबलपूरला. रेणवीय पद्धतीमुळे आता त्यातील जंतू जिवंत ठेवण्याची चिंता उरलेली नाही. योग्य धारेची लघवी, योग्य रीतीने घेतलेला बोळा, नळीवरील स्पष्ट नाव आणि परत येणारा अहवाल त्याच व्यक्तीच्या हाती पडण्याची व्यवस्था, या चार गोष्टी मात्र यंत्राकडून होणाऱ्या नाहीत. त्या गावातील आरोग्य केंद्रातच व्हावयाच्या आहेत. त्या नीट पार पडल्या, तर तक्रार न करणाऱ्या स्त्रीचाही रोग, तिचे मातृत्व हिरावण्यापूर्वी, ओळखता व बरा करता येईल.